डोळे मिटले की यादी सुरू

देवाचं आणि माझं वाकडं काही नाहीये, हे आधीच सांगून टाकते. अडतं ते प्रार्थनेला बसून डोळे मिटण्यात. उघडे असतात तोवर मी बऱ्यापैकी भाविक बाई असते, पण मिटले रे मिटले की गॅस बंद केला का, मीटिंग मंगळवारी आहे की बुधवारी, फोनचं बिल भरलं का, आणि काल कुणीतरी म्हणालं "किती बारीक झालीस गं" ते कौतुक होतं की टोमणा, अशी सगळी मंडळी धक्काबुक्की करत पुढे येतात आणि देव बिचारा मागे कुठेतरी ताटकळत उभा.

बरं, विचार कसेबसे हाकलले तर नाक खाजतं. एरवी दिवसभर या नाकाची आठवणसुद्धा येत नाही, पण प्रार्थनेला बसलं की त्याच्या शेंड्यावर, अगदी टोकावर, मुंगी चालल्यासारखं होतं. खाजवलं तर एकाग्रता गेली, नाही खाजवलं तर सगळी एकाग्रता नाकावर! म्हणजे ध्यान लागतं हो माझं, पण नाकावर.

माळ घेऊन बघितली. जपमाळेला 108 मणी, मुसलमानांच्या तसबीहला बहुतेक 33 नाहीतर 99, ख्रिश्चनांच्या रोझरीत 59. माझं तर ठाम मत आहे की माणसाच्या मनाचा भरवसा कुठल्याच धर्माला नव्हता, म्हणून म्हटलं असेल निदान बोटांना तरी कामाला लावा. माझी बोटं फारच प्रामाणिक निघाली, ती पूर्ण माळ ओढून मोकळी होतात आणि मी त्या वेळात फ्रीज कसा आवरायचा ते ठरवलेलं असतं.

ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली लिहून ठेवलंय की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात. हे वाचून मला जरा धीर आला, कारण माझं आख्खं आयुष्यच अर्धवट कामांवर चाललंय, मग डोळे मिटल्यावर दुसरं काय दिसणार? आणि त्याहून मोठा दिलासा दिला स्पेनच्या अव्हिलाच्या तेरेसाने. सोळाव्या शतकातली ही संन्यासिनी, 1622 मध्ये चर्चने तिला संत म्हणून जाहीर केलं, आणि तिने स्वतःच लिहिलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष घड्याळाचे टोल कधी पडतात याकडेच असायचं! मी टायमरकडे एक डोळा किलकिला करून बघते त्यापेक्षा हे काही वेगळं नाही. फरक एवढाच की ती संत झाली.

नवऱ्याला मात्र यातला काही त्रास नाही. तो डोळे मिटतो आणि लगेच शांत होतो, चेहऱ्यावर काय ते समाधान, मग थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज येतो. विचारलं तर म्हणतो, "समाधी लागली होती." वर हे बोलणार अशा सुरात की आपण काय बोलणार!

पण गंमत बघा, एरवी दिवसभर माझ्या तोंडात देवच असतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की "देवा!" ओटीपी येत नाही आणि वेळ संपत आली की "देवा!" मुलगी रात्री फोन उचलत नाही तेव्हा जो "देवा" निघतो ना, तो थेट बेंबीच्या देठापासून, तेव्हा नाकबिक काही खाजत नाही आणि बिलंही आठवत नाहीत. ती दारात दिसली की मात्र मी देवाला तिथेच सोडून तिच्यावर ओरडायला जाते, थँक्यू वगैरे राहूनच जातं.

तीच तेरेसा आपल्या मठातल्या बायकांना सांगायची की स्वयंपाकघरात काम करत असाल तर देव तिथेच भांड्याकुंड्यांत वावरतो. आपल्या जनाबाईला तर म्हणे विठोबा दळू लागायचा. माझ्या सिंकपाशी आजवर कुणी हात लावायला आलेलं नाही (नवरासुद्धा नाही). तरी परवा सिंक तुंबलं, वर खरकटं तरंगतंय, मी कोपरापर्यंत हात घालून खुपसाखुपशी करतेय, रडायचीच बाकी होते, आणि एकदम घळ्ळकन आवाज करून सगळं पाणी खाली गेलं. "थँक्यू रे देवा!" एवढ्या जोरात ओरडले की नवरा बाहेरून म्हणाला, "काय गं, मला म्हणालीस का?"

म्हटलं, नाही. तुझी समाधी चालू दे.