‘नशा करून देव बघायचा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचा आक्षेप असा की सान्तो दाइमेवाले (ब्राझीलमधला ख्रिस्ती वळणाचा एक पंथ, ज्यात आयावास्का म्हणजे एक वेल नि काही पानं उकळून केलेला काढा पितात) ड्रग घेतात, वर येशूचं नाव चिकटवतात आणि मी त्याची फुकट जाहिरात करतोय. जरा लांबच उत्तर देतो.

नशाच करायची असेल तर हा फार कंटाळवाणा रस्ता आहे हो! पांढरा युनिफॉर्म, बायका एका बाजूला नि पुरुष दुसऱ्या, आपापल्या रांगेत आखून दिलेल्या जागी उभं राहायचं, हातात माराका म्हणजे खुळखुळा, आणि मार्च, वॉल्ट्झ, मझुर्का यातली जी चाल असेल तिच्या पावलांवर रात्रभर पोर्तुगीज भजनं म्हणायची. मधे उलटी झाली (बऱ्याच जणांना होतेच) तर बाहेर जाऊन परत रांगेत. लक्ष ठेवायला माणसं नेमलेली असतात. माझ्या मते धर्म आहे तो या शिस्तीत आणि गाण्यात, नुसत्या काढ्याच्या कपात नाही.

आणि येशूला नंतर चिकटवलाय हे पटत नाही. या पंथाचा संस्थापक इरिनेउ सेर्रा हा ब्राझीलच्या मारान्याओ राज्यातला काळा माणूस, रबराच्या कामासाठी तिथल्याच आक्रे राज्याच्या जंगलात गेला, तिथे आयावास्का प्यायला आणि त्याला चंद्रातून बाई दिसली, तिने आठ दिवस बिनमिठाचा कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) खायला सांगितला अशी कथा आहे. त्याच्यासाठी ती वनाची राणीही होती आणि मदर मेरीही, कारण तो लहानपणापासून जपमाळ नि सेंट जॉनचा सण बघतच वाढलेला. 1930 मध्ये आक्रेतल्याच रिओ ब्रांको शहरात त्याने हे सुरू केलं. व्हॅटिकनला विचारून नाही केलं, मान्य.

धोक्याबद्दल मात्र तुम्ही बोलताय ते खरंय. काढ्याच्या पानातलं डीएमटी (भास घडवणारं द्रव्य) नुसतं प्यायलं तर पोटातच निकामी होतं, वेलीतली द्रव्यं ते होऊ देत नाहीत, आणि याच कारणाने डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असताना हे पिणं जिवावर बेतू शकतं. घरात कुणाला सायकोसिस (भ्रम-भास होणारा मानसिक आजार) असेल तरी लांबच राहावं.

ब्राझीलने 1985 मध्ये बंदी घातली, मग सरकारी लोक वस्त्यांवर जाऊन बघून आले आणि 1987 मध्ये ती उठवली, पण धार्मिक वापरापुरतीच, विकायला आजही मनाई. आपल्याकडे डीएमटी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात येतं, त्यामुळे इथे कुणी ‘सेरेमनी’चे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. अशा ‘सेरेमनी’ विकणाऱ्या पॅकेजवाल्यांना झोडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने आहे, फक्त त्यांच्यात नि आक्रेच्या त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांत फरक करा एवढंच.