हात दाखवून अवलक्षण

गेल्या महिन्यात एका लिलावात मला सात लॉट, म्हणजे एका बोलीत विकले जाणारे सात नग, मिळाले. जुनी टपाल पाकिटं, जहाजावरून टाकलेल्या पत्रांवर मारतात ते 'पाकबो' शिक्के. माझं हे वेड ज्यांना ठाऊक आहे ते आत्ता हसत असतील, हसोत. लिलाव माझ्या झोपेच्या वेळेला होता, म्हणून आदल्या दिवशीच प्रत्येक लॉटवर कमाल बोली नोंदवली आणि झोपून गेलो. सकाळी उठून बघतो तर सातपैकी चार लॉट मला बरोब्बर कमाल बोलीला मिळालेले. एक पायरीही खाली नाही.

हवी ती पाकिटं मिळाली म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण भिंग घेऊन शिक्क्याची कड बघत बसलो तरी डोक्यात दुसरंच चालू होतं. माझ्याविरुद्ध बोली लावणारा तो दुसरा माणूस होता तरी कोण? आणि मुळात होता का?

ज्यांनी कधी असा लिलाव खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा मी सांगून ठेवलं की या लॉटसाठी १०० पर्यंत जाईन. याचा अर्थ १०० ला विका असा नाही. बाकीच्यांपैकी सगळ्यात वरचा माणूस ६० वर थांबला, तर लॉट मला पुढच्या पायरीला, म्हणजे ६५ ला मिळाला पाहिजे. उरलेले ३५ माझे. या एका वचनावर तर गैरहजर माणूस आपली कमाल बोली परक्याच्या हातात देतो.

आता स्वतःशीच वाद घालतो, कारण संशय घेणं सोपं असतं. बोलीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५, ८०, ९०, १००. म्हणजे ५० ते १०० मध्ये सगळ्या मिळून नऊ पायऱ्या. समोरचा ९० वर थांबला तर मला १०० द्यावेच लागतात. तोही १०० वर आला, तर माझी बोली आधी नोंदवलेली म्हणून लॉट मला, पण १०० लाच. तेव्हा चार-पाच लॉटमागे एखादा कमाल बोलीला जाणं अगदी स्वाभाविक आहे. सातात चार म्हणजे जरा जास्त झालं, पण पुरावा म्हणावा असंही नाही. तिथं खरंच माझ्यासारखा दुसरा शिक्केवेडा बसलेला असू शकतो. मी त्या लिलावगृहाचं नाव घेत नाहीये ते म्हणूनच. त्यांनी लबाडी केली असं मला म्हणायचंच नाही. त्यांनी ती केली नाही हे मला कुठल्याच मार्गाने तपासता येत नाही, आणि तपासता येईल अशी सोय करायला त्यांची ना नाही, हो नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

लिलावगृहाची जागा जरा बघा. विकणाऱ्याकडून कमिशन, घेणाऱ्याकडून प्रीमियम, म्हणजे बोलीच्या किमतीवर वर द्यायचे टक्के. हा घेणाऱ्याचा प्रीमियम लंडनच्या दोन बड्या लिलावगृहांनी, क्रिस्टीज आणि सदबीजने, १९७५ मध्ये आणला तेव्हा १० टक्के होता. आता बऱ्याच ठिकाणी तो २० च्या वर गेलाय. म्हणजे किंमत जितकी चढेल तितका त्यांना दोन्ही हातांनी लाभ. आणि याच माणसाच्या वहीत मी माझी कमाल बोली लिहून ठेवायची! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे आपण मूठ उघडून वर सही करून देतो.

गंमत म्हणजे हे दुखणं आमच्या तिकिटवाल्यांइतकंच जुनं आहे. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये मांडलं की बंद लिलावात, म्हणजे जिथे एकाची बोली दुसऱ्याला दिसत नाही तिथे, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या किमतीला वस्तू द्यावी, म्हणजे प्रत्येकजण मनातला खरा आकडा सांगेल. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण टपाल तिकिटांचे व्यापारी १८९३ पासून जवळपास हेच करत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावात वेनराइट आणि लुईस यांनी टपालाने बोल्या मागवून असा लिलाव केल्याची नोंद आहे. पद्धत सुंदरच, फक्त तिला एक छिद्र आहे. दुसरी बोली किती होती हे पहिल्याला दिसत नाही. लिलाव करणारा सांगेल ती दुसरी बोली. हा बंद लिलाव व्यवहारात इतका दुर्मिळ का, याची जी कारणं अर्थशास्त्रात दिली जातात त्यात हेही एक आहे.

मी उगाच भूत उभं करतोय असं वाटत असेल तर बिल मास्ट्रो यांचं प्रकरण बघा. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांच्या लिलावात त्यांचा दबदबा होता. २०१३ मध्ये त्यांनी न्यायालयात कबुली दिली की खोट्या बोल्या लावून किमती चढवल्या. त्याच कबुलीत बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांच्या 'टी-२०६' मालिकेतल्या प्रसिद्ध कार्डाच्या कडा कापल्याचंही आलं. २००७ मध्ये ते कार्ड २८ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. २०१५ मध्ये मास्ट्रोंना २० महिन्यांची शिक्षा झाली. कार्डाची कड कापली तर भिंगाखाली, मापाने, कधीतरी पकडता येते. खोटी बोली मात्र मागे काहीच ठेवत नाही, ती फक्त माझ्या बिलात उतरते.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडचा १९३० चा माल विक्री अधिनियम, कलम ६४, आणि ब्रिटनचा १९७९ चा कायदा, कलम ५७, दोन्हींचा सूर एकच आहे. विकणाऱ्याने स्वतःच्या मालावर बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर करून राखला नसेल, तर तशी बोली बेकायदा. अमेरिकेच्या व्यापारी संहितेत तर घेणाऱ्याला एक झकास सवलत आहे. फसवणूक उघड झाली तर सौदा मोडा, नाहीतर शेवटच्या खऱ्या बोलीच्या किमतीला वस्तू घ्या. वाचून बरं वाटलं ना? आता 'आधी जाहीर करून' हे शब्द परत वाचा. अटी-शर्तींच्या तेराव्या पानावर 'लिलावगृह, त्याचे कर्मचारी किंवा विक्रेता बोली लावू शकतात' असं एक वाक्य टाकलं की अर्धी लढाई तिथेच संपली. मी त्या रात्री 'मान्य आहे' वर टिचकी मारली तेव्हा काय काय मान्य केलं, हे लिलाव झाल्यावर वाचलं. (हसू नका, तुम्हीही वाचत नाही.)

भरलेल्या सभागृहात तरी सगळं डोळ्यांसमोर घडतं असं आपल्याला वाटतं. तिथे झुंबराची बोली असते. राखीव किंमत गाठेपर्यंत लिलाव करणारा मागच्या भिंतीकडे किंवा छताकडे बघून आकडे पुकारतो, हात कुणीच वर केलेला नसतो. हे उघड गुपित आहे आणि बऱ्याच ठिकाणी नियमात बसतं. मला त्याचा फारसा रागही नाही. राखीव किंमतीखाली वस्तू विकायचीच नाही, तर तिथपर्यंतचं ते नाटकच. पण नाटकाची सवय लागली की पडदा कुठे पडला हे सांगायचंही राहून जातं. मे १९८१ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने आठ चित्रं लिलावात काढली. विकलं गेलं एक. अध्यक्ष डेव्हिड बॅथर्स्ट यांनी पत्रकारांना सांगितलं, तीन विकली. चार वर्षांनी हे खोटं कबूल करून त्यांना पद सोडावं लागलं. पुढे शहराने न विकलेला लॉट न विकलेला म्हणूनच जाहीर करायची सक्ती केली. आणि २०२२ मध्ये त्याच न्यूयॉर्कने लिलावदारांच्या परवान्यांची पद्धतच काढून टाकली, सोबत बरेचसे नियमही गेले. कारण काय, तर व्यवसायावरचं ओझं कमी करायचं होतं.

आता आपल्या, म्हणजे बोली लावणाऱ्यांच्या बाजूची घाण. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकात अकरा तिकीट-व्यापाऱ्यांची टोळी होती. लिलावाआधी ते आपापसात छोटा लिलाव करायचे, त्यात जिंकणाऱ्याच्या वतीने एकच माणूस खऱ्या लिलावात उतरायचा, बाकीचे गप्प. नंतर गप्प बसल्याचे पैसे वाटून घ्यायचे. अर्थतज्ज्ञ जॉन ॲस्कर यांनी या टोळीच्या नोंदी घेऊन २०१० मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यातली मला चटका लावून गेलेली गोष्ट अशी की नुकसान फक्त विकणाऱ्याचं झालं नाही. गप्प बसल्याच्या पैशांत वाटा मिळावा म्हणून टोळीतले लोक आतल्या लिलावात मुद्दाम चढे आकडे सांगायचे, त्यामुळे खऱ्या लिलावातही टोळी वाजवीपेक्षा वर जायची आणि बाहेरचा साधा संग्राहक जास्त पैसे मोजून यायचा. म्हणजे कुणी वर ढकलो की कुणी खाली दाबो, भरतो तो एकटा बसलेला माणूसच.

ऑनलाइन लिलावांच्या 'वाढीव वेळे'बद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल. ठरलेल्या वेळेआधी ज्याने त्या लॉटवर एकदा तरी बोली लावली असेल त्यालाच पुढे खेळता येतं, आणि ठरावीक मिनिटं नवी बोली आली नाही की लॉट बंद. नियम चांगला आहे. शेवटच्या सेकंदाला झडप घालणाऱ्यांना त्याने चाप बसतो. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी ईबे आणि ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना करून २००२ मध्ये हेच दाखवलं होतं, जिथे वेळ आपोआप वाढायची तिथे ही झडप कमी. पण काही ठिकाणी सगळ्या लिलावाला मिळून एकच घड्याळ असतं, कुठल्याही एका लॉटवर बोली आली की सगळे लॉट पुन्हा उघडे. मग पहाटे चारला डोळे चोळत बसलेला, नाहीतर कमाल बोली लिहून झोपलेला, असे दोनच प्रकारचे लोक उरतात. मी दुसऱ्या प्रकारातला. त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

मला हवंय ते फार नाही. माझी कमाल बोली लॉट पुकारला जाईपर्यंत लिलावगृहातल्या कुणालाच दिसू नये, ती तिऱ्हाईताकडे सीलबंद राहावी. तंत्र आहे, खर्चिकही नाही. लिलाव संपल्यावर प्रत्येक लॉटची बोलींची शिडी वेळेसकट जाहीर व्हावी. नावं नकोत, क्रमांक चालतील, पण ते कायमचे हवेत, दर लिलावात बदलणारे नकोत. म्हणजे क्रमांक ४१२ दर वेळी दुसरा येतो आणि एकदाही जिंकत नाही, हे आम्हीच शोधून काढू. संग्राहकांना मोकळा वेळ आणि चिकाटी यांची कमतरता नसते. जो माणूस शिक्क्यातल्या एका अक्षराच्या तुटक्या पायावर तीन रात्री घालवतो, तो बोलींच्या यादीवर किती घालवेल! आणि लिलावगृहाच्या माणसाने लावलेली बोली 'घरची' म्हणून त्याच क्षणी पडद्यावर दिसावी. तेराव्या पानावर नको.

यावर नेहमीचं उत्तर असतं की ग्राहकांची गोपनीयता. क्रमांकाने कुणाची गोपनीयता जाते हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. दुसरं उत्तर, 'विश्वास नसेल तर स्वतः हजर राहून बोली लावा.' हे मात्र मला पटलंय.

परवा त्याच लिलावगृहाचा नवा कॅटलॉग आला. त्यात एक पाकीट आहे, शिक्का जरा पुसट, पण जहाजाचं नाव वाचता येतंय आणि ते माझ्याकडे नाही. मी त्यांना एक ओळीचा ईमेल केला: माझ्या त्या चार लॉटवर दुसऱ्या क्रमांकाच्या बोल्या कुठल्या क्रमांकांच्या होत्या? सहा दिवस झाले. उत्तर आलं की इथेच टाकतो. लिलाव मंगळवारी पहाटे अडीचला आहे, गजर लावलाय.