बडोद्याची पोथी आणि पाऱ्याचं विमान

आठवडाभर एकच मजकूर बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. आता घरातल्या नववीतल्या मुलीने तो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवून घेतला, म्हणून हे लिहायलाच हवं. मजकूर असा: भारद्वाज ऋषींची 'वैमानिक शास्त्र' ही हजारो वर्षांची पोथी बडोद्यात आहे, तिच्यातल्या पाऱ्याच्या इंजिनावर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये सयाजीराव महाराजांसमोर चौपाटीवर विमान उडवलं, नासाने तेच इंजिन उचललं, म्हणून रामायणातल्या पुष्पकासकट जुन्या ग्रंथांतलं अक्षर न् अक्षर विज्ञान माना.

आधी पारा, कारण सगळ्यात घातक तोच. पारा ३५७ अंशांना उकळतो. विमान लाकडाचं असेल तर लाकूड त्याच्या आधीच पेटू लागतं. भांडं बंद ठेवलं तर वाफ आतच दाबून राहते, ढकलणार कुणाला? तोंड उघडलं तर पारा संपत जातो. हिशेबच करा. वाफ सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटते असं धरलं, तर १०० किलोचं यंत्र नुसतं हवेत तोलायला दर सेकंदाला जवळजवळ ५ किलो पारा लागतो. म्हणजे मिनिटाला ३०० किलो, यंत्राच्या तिप्पट. शिवाय ही वाफ श्वासातून गेली की मेंदू आणि मूत्रपिंडं निकामी करते. मजकुराच्या शेवटी 'मुलांना प्रयोग करून दाखवा' असं लिहिलंय, ते वाचून संताप होतो. थर्मामीटर फोडून पारा गॅसवर ठेवणारं एखादं मूल निघालं तर?

नासाबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १९६४ आणि १९७० च्या 'सर्ट' या अंतराळातल्या विद्युत-इंजिन चाचण्यांत पारा वापरला होता. पण तिथे पाऱ्याचे आयन (विद्युतभारित अणू) विजेने वेगात फेकतात, तेही निर्वात पोकळीत. दुसऱ्या चाचणीतल्या इंजिनाचा जोर सुमारे ३ ग्रॅम वजनाएवढा होता. ए-फोर कागद ५ ग्रॅमचा असतो.

पाऱ्याचं यंत्र जुन्या ग्रंथात आहे, हेही खरं. धारच्या भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधारा'त हलक्या लाकडाच्या मोठ्या पक्ष्याच्या पोटात पारा आणि खाली विस्तव ठेवायला सांगितलंय. हा ग्रंथ बडोद्याच्याच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला. पण तो अकराव्या शतकातला आहे, आणि यंत्रांची जोडणी गुप्ततेसाठी सांगत नाही असं ग्रंथकारच त्यात म्हणतो. मापं नाहीत, कृती नाही. यावरून इंजिन बनत नाही.

आता पोथी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. मुकुंद आणि चार सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'वैमानिक शास्त्र' तपासलं. त्यांना आढळलं ते असं: पोथीतला मजकूर पंडित सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ मध्ये सांगितलेला, संस्कृत अर्वाचीन, चित्रं बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समनने काढलेली. त्यातल्या शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चार विमानांपैकी एकही उडण्याजोगं नाही. बडोद्याच्या राजकीय संस्कृत ग्रंथालयात १९४४ च्या सुमारास एक प्रत होती, अशी नोंद त्यांनीही घेतली आहे. पण ग्रंथालयात प्रत असली म्हणून ग्रंथ प्राचीन ठरत नाही.

तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली प्रयत्न केले, पण एकही नमुना उडाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. शिवाय १९१८ नंतर सांगितलेल्या ग्रंथावरून १८९५ मध्ये विमान कसं बनेल? महाराजांचं नाव मजकुराला वजन यावं म्हणून ओढलंय.

राहिलं अक्षरशः वाचणं. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ मध्ये काढली. पोथ्या समोर ठेवून एका पोथीतला पाठ दुसरीतल्या पाठाशी ताडून पाहायचं काम याच गावात झालंय. त्या रामायणात पुष्पक 'कामग' आहे, मालकाच्या इच्छेने चालणारं. त्यात पारा नाही, भट्टी नाही, पंखा नाही. अक्षर न् अक्षर मानायचं म्हणणाऱ्यांनीच तिथे स्वतःच्या पदरची यंत्रं बसवली आहेत. पुढे पाठवण्याआधी त्यांना एवढंच विचारा: पाऱ्याचं इंजिन कुठल्या कांडात, कुठल्या सर्गात, कितव्या श्लोकात आहे?