'कलम ३० अ' नावाचे कलम घटनेत नाही

गेल्या रविवारी नागपूरच्या महाल भागातल्या आत्याकडे गेलो असता पोह्यांवर तर्री वाढता वाढता तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. घटनेच्या 'कलम ३० अ'नुसार शाळेत गीता शिकवण्यास बंदी आहे, कलम ३० नुसार कुराण आणि बायबल मात्र चालते, आणि पटेलांचा विरोध असल्याने नेहरूंनी हे सारे त्यांच्या निधनानंतर घटनेत घुसवले, असा तो संदेश. "तुझ्या पोरीच्या शाळेतलं गीतापठण बंद करतील काय रे आता?" अनुदानित शाळेत तीस वर्षे मुलांकडून पंधरावा अध्याय पाठ करून घेतलेली बाई हे विचारत होती.

पटेलांची गोष्ट तर निव्वळ थाप आहे. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हक्क देणारे कलम ३० तीत पहिल्या दिवसापासून आहे. पटेल वारले १५ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे जवळपास अकरा महिन्यांनी. शिवाय मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याक यांविषयी संविधान सभेने जी सल्लागार समिती नेमली, तिचे अध्यक्ष खुद्द पटेलच होते. संदेश लिहिणाऱ्याने निदान कॅलेंडर तरी पाहायचे होते.

'३० अ' हे कलमच नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३० मध्ये '१ अ' हा उपखंड आला, पण तो अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांची मालमत्ता संपादन करताना द्यायच्या रकमेविषयी आहे.

शाळेतील धर्मशिक्षणाचा प्रश्न कलम २८ मध्ये येतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, मग ते गीतेचे असो वा कुराणाचे. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते देता येते. मात्र पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला त्यात किंवा प्रार्थनेत बसवता येत नाही, आणि हे बंधन कॉन्व्हेंटलाही आहे. आत्याचा पंधरावा अध्याय त्यामुळेच कोणी अडवला नाही. धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे.

अल्पसंख्याक संस्थांना काही सवलती आहेत, हे मान्य केले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्यातील वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याची अट त्यांना लागू नाही आणि त्यावर वाद जरूर घालावा. पण कलम ३० मध्ये भाषिक अल्पसंख्याकही येतात, म्हणजे आमच्या नागपुरात जरीपटक्यातल्या सिंधी भाषकांनाही तोच हक्क आहे.

आत्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि संदेश भजनी मंडळाच्या ग्रुपवर सकाळीच पाठवल्याचे सांगितले.