पुसून टाकणाऱ्यांना सगळं कळलं होतं

गेली काही वर्षं एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. ‘समलैंगिक’ हा शब्दच दीडशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्याआधी अशी माणसं नव्हतीच. जुने लोक मित्रांना भावनेच्या भरात प्रेमाच्या भाषेत लिहायचे, त्यातून आज नसते अर्थ काढू नयेत. ज्यांची नावं घेतात त्यांची तर लग्नं झाली होती. हे खूळ पश्चिमेकडून आलं. आणि शेवटी, कलाकृती बघावी, कलाकाराच्या खासगी आयुष्यात कशाला डोकवायचं?

मजकुराची भाषा सभ्य असते, त्यामुळे तो चांगल्या वाचत्या माणसांनाही पटतो. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

शब्दाचं वय खरं आहे. कार्ल मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने 1869 मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या दंडसंहितेविरुद्ध पत्रक काढलं, त्यात ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. पण ‘हेटरोसेक्शुअल’ हा शब्दही त्याचाच. 1868 च्या एका पत्रात त्याने दोन्ही शब्द एकत्रच वापरले आहेत. म्हणून 1868 पूर्वी स्त्री-पुरुष एकमेकांवर प्रेम करत नव्हते, असं कोणी म्हणत नाही. शिवाय केर्टबेनी भांडत होता तो पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या, आधीपासून असलेल्या कायद्याशी. इंग्लंडमध्ये तर 1533 पासून यासाठी फाशीची तरतूद होती. शब्द नव्हता तेव्हाही कायद्याला शिक्षा द्यायला माणसं बरोबर सापडत होती.

सोळाव्या शतकातला माणूस स्वतःला ‘गे’ म्हणवून घेत नव्हता, हे मान्यच आहे. आपणही त्याच्यावर ते लेबल चिकटवायची गरज नाही. त्याने जे लिहून ठेवलंय ते मात्र त्याचंच आहे.

आता मैत्रीचा मुद्दा. हा सगळ्यात वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. इजिप्तमध्ये सक्कारा इथे 1964 साली नियानख्ख्नुम आणि ख्नुमहोतेप यांची कबर सापडली. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे दोघे राजाच्या नखांची निगा राखणाऱ्या सेवकांचे प्रमुख होते. भिंतीवर ते नाकाला नाक लावून मिठीत उभे आहेत. कोणी त्यांना प्रेमी म्हणतं, कोणी जुळे भाऊ. दोघांच्याही बायकामुलांची चित्रं त्याच कबरीत आहेत. इथे ठाम बोलण्याइतका पुरावा नाही, आणि प्रत्येक मिठी आपल्या बाजूने ओढून घेणं मलाही पटत नाही.

पण मायकेलअँजेलोची गोष्ट वेगळी आहे. 1532 मध्ये, वयाच्या 57 व्या वर्षी, रोममध्ये त्याची तोमासो दे काव्हालिएरी या तरुण उमरावाशी ओळख झाली. त्याने तोमासोला स्वतः काढलेली चित्रं भेट दिली. त्यातलं एक होतं गॅनिमीडचं, म्हणजे ग्रीक पुराणात ज्या देखण्या मुलाला झ्यूस देवाचा गरुड उचलून आकाशात नेतो त्याचं. सोबत कविता होत्या. एका सुनीतात तो म्हणतो, की सुखी व्हायला हरून बांधलं जाणंच भाग असेल, तर मी उघडा, एकटा, एका सशस्त्र घोडेस्वाराचा कैदी झालो यात नवल ते काय. ‘काव्हालिएर’ म्हणजे घोडेस्वार. प्रियकराचं नाव त्याने ओळीत सरळ गुंफून टाकलंय.

या कविता 1623 मध्ये छापल्या त्याच्या पुतण्याच्या मुलाने. छापताना त्याने पुल्लिंगी जागी स्त्रीलिंगी रूपं घातली, ‘तो’ची ‘ती’ केली. मूळ हस्तलिखितांवरून खरा पाठ छापून यायला 1863 साल उजाडलं. तब्बल 240 वर्षं लोकांनी दुरुस्त केलेला मायकेलअँजेलो वाचला. त्या काळी पुरुष पुरुषाला असंच लिहायचे, सगळ्यांना ते निव्वळ मैत्रीचंच वाटायचं, तर घरच्याच माणसाला हे बदलण्याची गरज का भासली? आपल्या चुलत आजोबांनी काय लिहिलंय ते त्याला नीट कळलं होतं. पुढे त्याच बदललेल्या पाठाच्या जोरावर ‘पुरावा कुठे आहे?’ असं विचारलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

ॲन लिस्टरचंही तेच. यॉर्कशरमधली ही जमीनदार बाई (1791–1840) जवळजवळ 50 लाख शब्दांची रोजनिशी मागे ठेवून गेली. त्यातला सुमारे सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताच्या चिन्हांच्या सांकेतिक लिपीत आहे. 1890 च्या दशकात तिच्या घराचा वारस जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल ती लिपी सोडवायला बसले. जुन्या कागदांत त्यांना एक चिठोरं सापडलं : ‘देवावरच माझी...’ आणि पुढे चार सांकेतिक चिन्हं. हा शब्द ‘होप’, म्हणजे आशा, असणार हे त्यांनी ताडलं आणि कुलूप उघडलं. आत बायकांवरचं प्रेम होतं, शरीरसंबंधांच्या नोंदी होत्या. मी फक्त स्त्रियांवरच प्रेम करते, दुसऱ्या कुठल्याही प्रेमाला माझं मन तयार होत नाही, असं 1821 च्या जानेवारीत तिने स्पष्ट लिहिलंय. बरेलने वह्या जाळून टाकायचा सल्ला दिला. जॉनने जाळल्या नाहीत. भिंतीच्या लाकडी तावदानामागे पुन्हा लपवल्या. मैत्रीच्या गोड भाषेला सांकेतिक लिपी लागत नाही, आणि ती वाचून कोणी काडेपेटीही शोधत नाही.

लग्नाचा मुद्दा लवकर संपतो. लेखक ऑस्कर वाइल्डला बायको होती, दोन मुलगे होते, आणि 1895 मध्ये पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल सक्तमजुरीही झाली. लग्न घराण्याच्या आणि समाजाच्या हिशेबाने व्हायचं. मनाचा कल त्यावरून कसा ओळखणार?

‘पश्चिमेकडून आलं’ म्हणणाऱ्यांनी बाबराचं आत्मचरित्र उघडावं. चगताई तुर्कीत त्याने स्वतः लिहिलंय. नवं लग्न झालेलं, वय सतराच्या आसपास. बायकोकडे, आयेशा सुलतान बेगमकडे, तो दहा-पंधरा दिवसांनी कसाबसा जायचा. पुढे तेही कमी झालं आणि महिना-चाळीस दिवसांनी आईने रागावून पाठवलं तरच जायचा. त्याच सुमारास छावणीच्या बाजारातल्या बाबुरी नावाच्या मुलावर त्याचं मन जडलं. तो समोर आला की लाजेने बाबराची मान वर व्हायची नाही. बाबर अनवाणी, उघड्या डोक्याने गल्ल्याबोळांतून, बागांतून भटकत राहायचा. हे 1499–1500 सालचं. फरगाण्याच्या या पोराला कुठल्या युरोपीय माणसाने फूस लावली होती? त्याच्याही कितीतरी आधी कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’वर, म्हणजे स्त्री-पुरुषांहून वेगळ्या तिसऱ्या प्रकारच्या माणसांवर, लिहिलेलं आहे. बाहेरून आलं ते 1860 च्या भारतीय दंडसंहितेतलं कलम 377. इंग्रज राज्यकर्त्यांनी लिहिलेलं. सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांवरून ते हटायला 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

राहिला खासगी आयुष्याचा मुद्दा. ताजमहालाची माहिती देताना मुमताजवरच्या शाहजहानच्या प्रेमाचा उल्लेख कोणीच टाळत नाही, आणि त्याला कोणी खासगी आयुष्यात डोकावणं म्हणत नाही. ही मर्यादा फक्त काहींच्याच प्रेमाला लागू होते.

भूपेन खख्खर (1934–2003) यांचं उदाहरण बघा. ते मुंबईत जन्मले, बडोद्यात चित्रकार झाले, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. 1981 च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात एक नागडा पुरुष बाल्कनीत पाठमोरा उभा आहे. खाली बाप, मुलगा आणि गाढवाची जुनी गोष्ट घडते आहे : कोणाचंही ऐकून वागलं तरी लोक नावं ठेवतातच. पुढच्याच वर्षीच्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन नग्न पुरुष एकमेकांना बिलगून उभे आहेत आणि आजूबाजूला काशीतला रोजचा व्यवहार चालू आहे. इथे कोणी डोकावून काही शोधून काढलेलं नाही. खख्खरांनी ते मोठ्या कॅनव्हासवर, निळ्या रंगात, स्वतः मांडून ठेवलंय. कलाकृतीच बघा म्हणणाऱ्यांना या चित्रातल्या त्या दोन पुरुषांकडेही बघावंच लागेल.