पत्रकावर नाव कुणाचं?

रविवारी संध्याकाळी आमच्या पेणच्या कट्ट्यावर चांगलं भांडण झालं. दोन वेळा मागवलेला चहा दोन्ही वेळा तसाच गार झाला. निमित्त होतं एक पत्रक.

येत्या १ नोव्हेंबरला यशवंत देवांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतात. १९२६ साली ते जन्मले ते आमच्या पेणला. त्या दिवशी गावात गाण्यांचा कार्यक्रम करायचा असं ठरलंय आणि ओंकार हौसेने पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन आला होता. वर ठळक अक्षरांत 'अरुण दाते यांची अजरामर भावगीते', आणि खाली बारीक टायपात 'संगीतकार यशवंत देव जन्मशताब्दीनिमित्त'.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शताब्दी कुणाची आहे रे?"

"देवांची. पण सर, लोक दात्यांच्या नावाने येतील. मोबाइलवर 'या जन्मावर, या जगण्यावर' शोधा, अरुण दाते असंच येतं. 'भातुकलीच्या खेळामधली' शोधा, तेच. देवांचं नाव कुठे दिसतच नाही, तर लोकांना माहीत कसं असणार?"

यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या पिढीला गाणं मिळालं तेच असं, फक्त गायकाचं नाव लावून. आम्हाला ते रेडिओतून मिळालं. आकाशवाणीच्या निवेदिका गाण्याआधी तीन नावं सांगायच्या: कवी कोण, चाल कुणाची, गायलंय कुणी. त्यामुळे पाडगावकर, देव, दाते ही तीन नावं आम्हाला एका दमात पाठ झाली. पुस्तकं न वाचणाऱ्या माणसालाही कवी माहीत असायचा. ही शिस्त किती मोठी होती, ते आता ती गेल्यावर कळतं.

"तीन नावं टाकू ना मग," ओंकार म्हणाला. त्याच्या बाजूने प्रश्न मिटला होता. पण बुवांनी तोंड उघडलं आणि खरी सुरुवात तिथे झाली.

बुवा आमचे भजनी. चाळीस वर्षं पेटी वाजवतायत आणि आवाज अजून खणखणीत आहे. ते म्हणाले, "नाव कुणाचंही टाका, पण या 'शब्दप्रधान गायकी'ने गाण्याचं नुकसान केलं, हे मी उघड बोलणार. गाणं म्हणजे सूर. गजर रंगला की कुणाला शब्द ऐकू येतात? तरी लोकांच्या डोळ्यांत पाणी येतंच ना? देवांनी या नावाचं पुस्तक लिहिलं, शिबिरं घेतली, आणि ज्यांना दोन ताना येत नाहीत त्यांना आयती ढाल मिळाली. विचारलं की म्हणतात, आमचं शब्दप्रधान आहे."

मास्तर चिडले. मी मात्र तात्यांकडे बघत होतो. तात्यांचा गणपतीचा कारखाना आहे. ते एरवी बोलत नाहीत, पण बोलले की कट्टा ऐकतो.

"बुवा, तुमच्या भजनात शब्द नवे असतात का हो?"

"नवे कसे असतील? तुकोबांचे, नामदेवांचे."

"मग समोरच्याला ते आधीच येतात. शिवाय तुम्ही एक ओळ दहा वेळा घोळवता आणि टाळकरी ती उचलतात. माझ्या कारखान्यात तसं नव्हतं. तिथे गाणं पहिल्यांदा यायचं, एकदाच यायचं, आणि परत लावा असं कुणाला सांगायची सोय नव्हती."

तो कारखाना मी पाहिलाय. लहानपणी सुट्टीत तिथे आम्ही मूर्तींना पॉलिश पेपर मारायचो. ओल्या शाडूचा वास, तारेवर वाळत टाकलेली फडकी, आणि फळीवर, रंगाचे शिंतोडे उडून मूळचा रंग कळेनासा झालेला एक ट्रान्झिस्टर. सगळ्यांत कठीण काम डोळ्यांच्या आखणीचं. तात्यांचे वडील ते स्वतःच करायचे. मूर्ती पाटावर घेऊन, श्वास धरून, दोन केसांच्या कुंचल्याने. त्या वेळी कारखान्यात कुणी बोलायचं नाही, पण रेडिओ बंद करायची पद्धत नव्हती. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, मोकळे फक्त कान.

"एकदा 'भातुकलीच्या खेळामधली' लागलं," तात्या सांगत होते, "आणि बाबांचा कुंचला थांबला. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, शाळा चौथीपर्यंत. पण राणी काय म्हणाली, राजाने काय विचारलं, सगळं त्यांना कळलं. खरखरीतून कळलं. पावसाळ्यात तर काय, वीज चमकली की अर्धी ओळ गेलीच. तरी गोष्ट कळली. ते गाणं संपेपर्यंत त्यांनी दुसरा डोळा काढला नाही."

इथे मला माझं म्हणणं सापडलं, आणि ते मी कट्ट्यावर मांडलं तसंच इथे मांडतो. देवांची शब्दप्रधान गायकी आकाशवाणीच्या स्टुडिओत तयार झाली असं मला वाटतं. ते आकाशवाणीचे माणूस होते, नागपूर केंद्र आणि पुढे मुंबई केंद्र. रेडिओवर गायकाचा चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. मध्यम लहरींवरून आवाजाच्या वरच्या पट्ट्या नीट पोचत नाहीत. स, श, ख, थ यांची धार तिथेच बोथट होते. त्यात घराघरातला स्पीकर तळहाताएवढा. अशा वाटेने कवीची नवी कविता अनोळखी माणसाच्या कानात एका फटक्यात उतरवायची, तर चाल शब्दाच्या आड येऊन चालत नाही. देव म्हणायचे की चाल शब्दांतच असते, ती शोधायची. हे तत्त्वज्ञान म्हणून ठीकच आहे, पण रोज माइकच्या मागे उभं राहणाऱ्या माणसाची ती गरजही होती.

"म्हणजे गरजेपोटी केलं," बुवा म्हणाले.

"गरज तिथे सगळ्यांनाच होती. चाली देवांना सुचल्या."

मास्तरांनी मग केसकरांचं काढलं. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. पण त्याच काळात सुगम संगीताला आकाशवाणीवर हक्काची जागा मिळाली. भावगीत काही तिथे जन्मलं नाही, गजानन वाटवे ते आधीपासून चौकाचौकांत गात होते. आकाशवाणीने त्याला स्टुडिओ दिला, वादक दिले. मुंबई केंद्रावरच्या 'भावसरगम'साठी सतत नव्या कवितांना नव्या चाली लागायच्या. पाडगावकरही काही वर्षं मुंबई केंद्रावरच नोकरीला होते. कवी आणि संगीतकार एका छताखाली! आज असं कुठे जमून येतं?

पण बुवा इतिहासाने बधणारे नाहीत. "एक ओळ दाखवा," ते म्हणाले. "जिथे शब्दाने सुराला वर नेलं, अशी एक."

मास्तर म्हणाले, "'विसरशील खास मला.' जे. के. उपाध्यांची कविता, आशाबाई गायल्यात. ओंकार, यातल्या 'खास'चा अर्थ काय?"

"स्पेशल. खास मला, म्हणजे मलाच स्पेशली."

कुणी हसलं नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, "खास म्हणजे नक्की. आमची आजी म्हणायची, आज पाऊस खास येणार. आता म्हणून बघ. नक्की विसरशील मला. यात तक्रार आहे, भीती आहे, आणि तो 'नाही विसरणार' म्हणेल अशी आशाही आहे. नुसता वाच, गाऊ नकोस."

ओंकारने वाचलं. पहिल्या वेळी 'मला'वर जोर दिला, दुसऱ्या वेळी 'खास'वर. दुसऱ्या वेळी तो स्वतःच थबकला. "अरे, हे तर भांडण आहे."

"प्रेमातलं," तात्या म्हणाले.

मग बुवांनी ती ओळ गुणगुणली. आधी त्यांच्या सवयीने शेवटचं अक्षर लांबवून, मग न लांबवता. दोनदा, तीनदा. त्यांनी हार मानली असं मी लिहिणार नाही, कारण त्यांनी मानली नाही. ते एवढंच म्हणाले, "इथे लांबवलं तर ती रडकी वाटते. इथे लांबवायचं नाही." चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाने हे आपल्या आपण शोधलं, याचा मला फार आनंद झाला.

देव स्वतः कवी होते हेही आपण विसरतो. 'जीवनात ही घडी अशीच राहू दे' हे लताबाईंचं गाणं म्हणून सगळ्यांना माहीत आहे. शब्द आणि चाल दोन्ही देवांची. 'स्वर आले दूरुनी' सुधीर फडक्यांचं म्हणून ओळखतात; तिथे चाल प्रभाकर जोगांची आणि शब्द देवांचे. घरी त्यांच्या पत्नी करुणाताई, म्हणजे आकाशवाणीच्या नीलम प्रभू, 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतल्या मीनावहिनी. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या मीनावहिनी आमच्या आईला शेजारणीसारख्या वाटायच्या. त्या घरात दोघांचीही ओळख आवाजाचीच.

२०१८ साली मे महिन्यात अरुण दाते गेले आणि ३० ऑक्टोबरला देव. ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्या संध्याकाळी तात्यांनी कारखान्यात 'अशी पाखरे येती' लावलं होतं, मोबाइलवर. मी दारात उभा होतो. पडद्यावर गायकाचं नाव होतं, आणि तात्यांनी गाण्याआधी बाकीची दोन नावं मोठ्याने म्हटली. कारखान्यात आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

दिवे लागले. ओंकारने पेन काढून पत्रकावरची ठळक ओळ खोडली आणि विचारलं, "तिघांची नावं टाकतो. पण वर कुणाचं? देवांचं ना? त्यांची शताब्दी आहे."

मथळ्यात देव, यावर लगेच एकमत झालं. पण गाण्यांच्या यादीत, प्रत्येक गाण्यापुढे पहिलं नाव कुणाचं, यावर पुन्हा जुंपली. बुवा म्हणाले गायकाचं, शेवटी कष्ट गळ्याचे. मी म्हटलं संगीतकाराचं.

"देवांना विचारलं असतं तर?" तात्या म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. ओंकारने पहिल्या गाण्यापुढे लिहिलं, 'मंगेश पाडगावकर', आणि स्वल्पविराम दिला.