ऑप्शनपासून सुरुवात? नको रे बाबा!

शेअर बाजार थोडक्या पैशात ऑप्शनपासून (ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांपासून) शिका, हा एका लेखातला सल्ला नवख्यांसाठी अजिबात पटला नाही. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०२४ च्या अहवालात स्पष्ट आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. (आमच्या नाशकात कॉलेज रोडच्या ट्रेडिंग क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर हा आकडा काही दिसत नाही!) भाच्याला सांगितलंय, आधी डिलिव्हरीत (पूर्ण पैसे भरून, आपल्या खात्यात) एखादा शेअर घे आणि काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारं सौद्याचं बिल) उघडून ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टॅम्प ड्युटी, जीएसटी ओळीओळीने वाच. विकताना डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर बाहेर जाण्याचं शुल्क) लागतो तो वेगळाच. आणि ऑर्डर लिमिटचीच (आपण भाव ठरवून दिलेली) टाक. उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) भलत्याच भावाला लागू शकते.